वाटीखालची रेघ

कोकिळाबाई कुणाच्या घरी मलेरियाची तपासणी करायला गेली की आधी वाटी मागते. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब किटच्या खिडकीत सोडायचा, वर बाटलीतलं औषध टाकायचं आणि मग किट जमिनीवर सपाट ठेवून त्यावर वाटी पालथी घालायची, अशी तिची पद्धत. प्रशिक्षणात वाटी शिकवत नाहीत. ती कोकिळाबाईची स्वतःची भर आहे.

मुकुटबनजवळच्या एका लहान गावात ती आशाताई झाली, तेव्हा किट उघडंच असायचं आणि घरातले सगळे त्यावर वाकायचे. बोटभर प्लास्टिकच्या त्या तुकड्यावर एक रेघ हमखास उमटते, ती किट चांगलं असल्याची. रक्तात मलेरिया सापडला तर शेजारी आणखी रेघ येते. पण वाट पाहणाऱ्या माणसाला धीर नसतो. सुनेच्या किटवर सासूला नसलेली रेघ दिसायची, आणि मुलाच्या किटवरची असलेली रेघ आईला दिसायची नाही. एका घरी तर आजोबांनी किट उचलून थेट अंगणात, उन्हात नेलं आणि बंद पडलेल्या घड्याळासारखं हलवून हलवून पाहिलं. त्या दिवशी कोकिळाबाईने पहिल्यांदा वाटी मागितली.

वाटीच्या मागून चहा आला. चहा उकळून, गाळून, पिऊन, कप विसळून होईस्तोवर किटची वेळ बरोबर भरते. मग कोकिळाबाई वाटी उचलते. त्या वाट्यांवरून तिला घरं कळतात. सोनीबाईकडची वाटी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, काठाला चेपलेली. ज्या घरी लग्न ठरलंय तिथे नवीकोरी स्टीलची, नाव घातलेली. हजराबीकडची चिनीमातीची, निळ्या फुलांची, ईदशिवाय फळीवरून खाली न येणारी. ती वाटी किटवर घालताना हजराबीचा जीव अर्धा नातवंडात आणि अर्धा वाटीत असतो.

साखरेची चाल कुणी पाडली ते आता आठवत नाही. वाटी उचलल्यावर एकच रेघ निघाली, म्हणजे मलेरिया नाही, तर घरातली बाई साखरेचा डबा काढते आणि कोकिळाबाई जमलेल्या सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट साखर ठेवते. शेजारीपाजारी त्यासाठी मुद्दाम थांबतात. "ताप राह्यला तर मले पुन्हा बलावजा," असं ती दर वेळी बजावून सांगते. पण साखर तोंडात गेल्यावर ते वाक्य कुणाच्या कानात शिरत नाही.

कोकिळाबाईचा शब्द हा गावातला शेवटचा शब्द. गोळ्या पूर्ण घे म्हटलं की माणूस पूर्ण घेतो, पोलिओचा डोस म्हटलं की बाया पोरं काखेत घेऊन निघतात. याचं कारण तिचं ज्ञान नव्हे. तिने आजवर आपला शब्द मागे घेतलेला कुणी पाहिलेला नाही, हे आहे. बाजारातून आणलेल्या दुधी भोपळ्याला तिचा नवरा रामराव एकदा कडू म्हणाला. ती म्हणाली, कडू नाही. भाजी झाली, पहिला घास घेताच तिचे डोळे बारीक झाले, पण तिने ताट पुसून खाल्लं आणि दिवसभर पोट धरून बसली. भोपळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आर्णीच्या नणंदेचंही असंच. कुठल्याशा बारशात नणंद हसत हसत बोलून गेली, "आमच्या वैनीच्या चहात साखर मोजून पडते." कोकिळाबाई उठून म्हणाली, "बरं झालं सांगतलं. आता तुमच्या घरचा चहा मी काई पेत नाई." तेव्हापासून आर्णीला रामराव एकटाच जातो. तिथे दोन कप चहा पितो. एक माझा, एक तुझ्या वैनीचा, असं बहिणीला सांगतो आणि घरी येऊन तेही कोकिळाबाईला सांगतो.

"दोन्ही गोड होते," वर असंही म्हणतो.

"मधुमेह झाला तर मलेच तपासा लागन," ती म्हणते.

गेल्या ऑक्टोबरात हजराबीचा नातू इमरान अंदमानहून घरी आला. त्याचे वडील गफ्फारभाई मुकुटबनात मोटारसायकली दुरुस्त करतात. पोराचा हात मोठ्या यंत्रांवर बसला, म्हणून एका ठेकेदाराबरोबर तो बेटांवर रस्त्याच्या कामाला गेला होता. जहाज, मग रेल्वे, मग बस असं करत आला तेव्हा शंख-शिंपल्यांची पिशवी आणि ताप दोन्ही बरोबर घेऊन आला. शिंपले आजीने फळीवर मांडले आणि तापासाठी कोकिळाबाईला बोलावलं.

निळ्या फुलांची वाटी खाली आली. लवंग घातलेला चहा झाला. इमरान भिंतीला टेकून जहाजाच्या गोष्टी सांगत होता, आणि दारात सोनीबाई व आणखी दोघी साखरेसाठी उभ्या होत्या. कोकिळाबाईने वाटी उचलली. एकच रेघ.

"मलेरिया नाई. जहाजाचं पाणी, रेल्वेतलं खाणं, दुसरं काय! आराम कर, पाणी पे."

"काकू, साखर थोडी जास्त द्या ना. मोजून देता काय?" इमरान म्हणाला.

"तुले आर्णीवरून कोणी शिकवून धाडलं काय रे?" असं म्हणत तिने त्याच्या तळहातावर मूठभर साखर ओतली. सगळे हसले. हजराबीने वाटी धुऊन, पुसून फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इमरानला पुन्हा हुडहुडी भरली. दिवस कलला तसा घाम फुटून ताप उतरला. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

हजराबीला हे कळत नव्हतं असं नाही. तिने सहा मुलं वाढवलेली. पण तिच्यापुढे दुसराच पेच होता. साखर वाटून झाली होती. सोनीबाईने खाल्ली होती, म्हणजे ती गावभर पोचली होती. आता ताप आहे म्हणावं तर कोकिळाचा शब्द पडतो. आणि तिचा शब्द एकदा पडला तर उद्या गावातली पोरं गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून गिळणार? शिवाय शेजारधर्म आहे. एवढ्या वर्षांत कोकिळाने या घराचं काय कमी केलं, की आपण तिला खोटं पाडावं? ताप काय, आज ना उद्या उतरेल. म्हणून हजराबीने ताप लपवायचं ठरवलं. गफ्फार सकाळी दुकानात जायचा तो अंधारून आल्यावर यायचा, तेव्हा पोरगा गार झालेला असायचा. "कसा आहे?" विचारलं की आजीच आधी सांगायची, "सो रहा है. अच्छा है." आणि इमरान, आजीच्या धाकात वाढलेला, मान हलवायचा.

पण घामाने भिजलेली चादर लपवता येत नाही.

कोकिळाबाई संध्याकाळी गावात फेरी मारायची. हजराबीच्या अंगणातल्या दोरीवर तिला हिरव्या पट्ट्यांची चादर दिसली, पाणी गळत असलेली. दिवेलागणीला कपडे धुणारी बाई तिने पाहिली नव्हती, आणि हजराबी तर नाहीच नाही.

"चाची, आता धुणं काढलं?"

"मांजरीनं घाण केली, बेटा. काय करतं!"

दुसऱ्या संध्याकाळी तीच चादर, तशीच ओली.

"पुन्हा मांजर?"

"नाई, आज चाय सांडली."

तिसऱ्या संध्याकाळी हजराबीने चादर घराच्या मागच्या बाजूला वाळत घातली. कोकिळाबाई मुद्दाम मागच्या बाजूने गेली.

"आज काय झालं?"

"पाव्हणे आलते," हजराबी म्हणाली.

"कोणते?"

हजराबीला एकदम कुठलेच पाहुणे आठवेनात.

कोकिळाबाई तिथून निघाली. घरी जाऊन तिने स्वयंपाक केला, पण भाजीत तिखट दोनदा पडलं. रामराव पाणी पीत पीत जेवला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन रणरणत असताना, ती पिशवी खांद्याला लावून हजराबीच्या घरात शिरली. हाकही मारली नाही.

आतल्या खोलीत इमरान दोन गोधड्यांखाली गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होता. दात एकमेकांवर वाजत होते. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याखालची ती खोली भट्टीसारखी तापलेली, आणि त्याच्या ओठांवर मात्र पांढरट पापुद्रे आलेले. डोळे पिवळसर दिसत होते. हजराबी पायथ्याशी बसून त्याचे पाय चोळत होती. कोकिळाबाईला पाहून ती चोरी पकडल्यासारखी उभी राहिली.

"कधीपासून?" कोकिळाबाईने विचारलं.

"रोज," इमरान दात आवळून म्हणाला. "रोज या टायमाले येते, काकू."

"मले काहून नाई सांगतलं, चाची?"

"कसं सांगतं बेटा? तू साखर वाटलती ना."

कोकिळाबाईने पिशवी खाली ठेवली. तिने पिशवीतून नवं किट काढलं. "वाटी द्या," म्हणाली. हजराबीने फळीवर हात घातला. या वेळी तिला वाटीची काळजी नव्हती.

आशाताई भर दुपारी घरात शिरली हे सोनीबाईने पाहिलं होतं. ती आली, तिच्यामागून आणखी बाया आल्या. चहा कुणी टाकला नाही. सगळ्या वाटीकडे पाहत बसल्या. कोकिळाबाईचं आयुष्य त्या किटांवर उभं होतं. याच एका रेघेवर विश्वास ठेवून तिने कितीतरी घरांतल्या माणसांना निवांत झोपवलं होतं, आणि जिथे दुसरी रेघ आली तिथे वेळेवर गोळ्या सुरू करून माणसं उठवली होती. किट तिला कधी खोटं ठरवत नव्हतं, म्हणून तीही किटला कधी खोटं ठरवत नव्हती.

वेळ भरली. तिने वाटी उचलली.

एकच रेघ.

सोनीबाईने सुटकेचा श्वास सोडला. "पाह्यलं? आशाताईचा शब्द हाये तो. मलेरिया नाईच." आणि सवयीने तिने हातसुद्धा पुढे केला.

किट नाही म्हणत होतं. दोनदा नाही म्हटलं होतं. कोकिळाबाईला आता काहीच करायची गरज नव्हती. डबा मागायचा आणि चिमूट चिमूट वाटायची. पण तिची नजर खिडकीतून मागच्या दोरीवर गेली. हिरव्या पट्ट्यांची चादर तिथे वाळत होती, संध्याकाळी पुन्हा भिजण्यासाठी. या पोराच्या अंगातून रोज जे निघत होतं ते जहाजाचं पाणी नव्हतं.

तिने किट कागदात गुंडाळलं. मग बायांकडे वळून, एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवावा तशी म्हणाली, "त्या दिवशी मी जे बोलली, ते मागं घेते. मलेरिया नाई असं मले सांगता येत नाई. किटले दिसत नाई, मलेबी दिसत नाई. याले दवाखान्यात न्या लागते."

सोनीबाईचा हात तसाच पुढे राहिला होता. तिने तो हळूच पदराला पुसला.

"म्हणजे आमी खाल्लेली साखर?" तिने विचारलं.

"थे पचली आता," कोकिळाबाई म्हणाली. "गफ्फारभाईले फोन लाव."

गफ्फारभाई हातावरचं ग्रीस न पुसताच आले. बापाने गाडी चालवली, मध्ये गोधडीत गुंडाळलेला इमरान, आणि मागे त्याला मिठी मारून कोकिळाबाई. खड्डा आला की गोधडीतून "या अल्ला" ऐकू यायचं आणि मागून "हळू हो भाऊ" असा आवाज यायचा.

सरकारी दवाखान्यात नयन नावाची रक्त तपासणारी मुलगी होती. तिने काचपट्टीवर रक्त घेतलं, रंगवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचपट्टी इकडेतिकडे सरकवून पाहिली. मग म्हणाली, "जंतू आहेत. फार नाहीत, पण आहेत."

"मंग किटले काहून नाई दिसले?" कोकिळाबाईच्या आवाजात तक्रार होती, सख्ख्या माणसाबद्दल असावी तशी.

"थोडे असले तर किटला सापडत नाहीत, ताई. आणि हे जंतू मला नेहमीचे वाटत नाहीत. दिसायला जरा वेगळेच आहेत. डॉक्टर, तुम्ही बघता का?"

डॉक्टरांनी पाहिलं. कपाळाला आठी घालून पुन्हा पाहिलं. मग इमरानला विचारलं, "कुठून आलास?"

"अंदमानातून, सर. जंगलात रस्त्याचं काम होतं."

"तिथे माकडं होती?"

इमरान तापातही हसला. "रोज यायची, सर. आमचा डबा आमच्या आधी खायची."

डॉक्टरांनी लगेच भरती करून गोळ्या सुरू केल्या आणि रक्ताचा नमुना नागपूरला पाठवला. कोकिळाबाईला ते म्हणाले, माकडांमध्ये असणारा एक मलेरिया आहे, डास चावून तो कधीकधी माणसात येतो. त्यात ताप रोज येतो, आणि तो झपाट्याने वाढतो. आपलं किट आपल्याकडच्या मलेरियासाठी चांगलं आहे, पण या पाहुण्याला ते बरेचदा ओळखत नाही. "रेघ आली तर विश्वास ठेवा. नाही आली आणि ताप चालूच आहे, तर काचपट्टी घ्याच. आज आणलं ते बरं केलं. आणखी थांबला असता तर मूत्रपिंडावर गेलं असतं."

कोकिळाबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. हजराबी मागून कुणाच्या तरी ऑटोने पोचली होती. दोघी शेजारी शेजारी बसल्या.

"माझी इज्जत सांभाळत होती तुम्ही, चाची," कोकिळाबाई म्हणाली. "पोट्टा गेला असता तर त्या इज्जतीचं मी काय केलं असतं? लोणचं घातलं असतं?"

हजराबी पदरात तोंड लपवून रडू लागली आणि मध्येच हसू लागली. "कैरीचं सीझन बी नाई आता," ती म्हणाली.

इमरान बरा झाला. ताप दुपारची वेळ विसरला, मग पोराला भूक आठवली आणि दवाखान्याच्या खिचडीला तो नावं ठेवू लागला, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली. काही दिवसांनी नागपूरहून निरोप आला: माकडांचाच मलेरिया.

तो निरोप गावात पोचला आणि नवी भानगड उभी राहिली. गावातल्या वानरांवर सगळ्यांचा आधीच राग. घराच्या पत्र्यावर धडाधडा उड्या, वावरात सोयाबीनचा चुराडा. हरिसिंगचं शेत गावाच्या कडेला, त्याचं नुकसान सगळ्यात जास्त. तो कोकिळाबाईच्या ओसरीवर येऊन बसला.

"आशाताई, तुमी फक्त एवढं सांगा वरती, का आमचे वानरं मलेरियावाले हायेत. जंगलखात्याची गाडी येईन, घेऊन जाईन. गावाचं भलं होईन."

"तुमचे वानरं त्या जातीचे नाईत, भाऊ. डॉक्टरले इचारून आली मी."

"एखादा असन त्यातला! किट लावून पाहा ना."

"धरा तुमी बोट त्याचं," कोकिळाबाई म्हणाली, "मी टोचते."

आतून रामरावाचा ठसका लागल्याचा आवाज आला.

तिला वाटलं होतं, शब्द मागे घेतला म्हणजे आता गावात आपली किंमत गेली. पुढच्या आठवड्यात सोनीबाईच्या सुनेला ताप आला, तेव्हा कुणी बोलावतं की नाही या विचारात ती सकाळपासून पिशवी भरत आणि रिकामी करत होती. बोलावणं आलं. जर्मनची चेपकी वाटीही आली. एकच रेघ निघाली. सोनीबाई डबा आणायला उठली तशी कोकिळाबाईने तिला खाली बसवलं.

"साखर आता नाई. तिचा ताप उतरून, ती भाकर मागून खाईन, तवा. तोपर्यंत रोज मले सांगायचं, खरं खरं. आणि आज काचपट्टीबी घेते."

"तवा साखर देशीन ना पण?" सोनीबाईने खात्री करून घेतली.

"देईन."

"मोजून?"

"तुले मोजूनच देईन."

इमरानच्या शेवटच्या तपासणीत रक्त स्वच्छ निघालं, त्या दिवशी हजराबी कोकिळाबाईच्या घरी आली. हातात निळ्या फुलांची वाटी, काठोकाठ साखरेने भरलेली. "ही तुझ्याकडंच ठेव," ती म्हणाली. "माझ्या घरी ठेवली तर पुन्हा किटावरच घालशीन." कोकिळाबाईने आधी इमरानच्या हातावर साखर ठेवली, मग हजराबीच्या, मग गफ्फारभाईंच्या. शेवटी रामरावाने हात पुढे केला.

"एक इचारू काय?" साखर तोंडात टाकता टाकता तो म्हणाला. "एकदा शब्द मागं घेता आला, म्हणजे दुसऱ्यांदाबी घेता येत असन. दिवाळी आली. आर्णीले जायचं काय दोघं मिळून?"

हजराबीने मान खाली घातली, म्हणजे हसू दिसायला नको. इमरान उघडच हसला.

कोकिळाबाईने वाटीत उरलेली साखर चमच्याने सारखी केली. पूर्वी अशा वेळी तिचं "नाही" तयार असायचं, प्रश्न पुरा व्हायच्या आधी.

"गावात कोणाले ताप नसन," ती म्हणाली, "तर पाहू."

रामराव उठला आणि गाडीत पेट्रोल किती आहे ते बघायला गेला.